हात राखला!

मंडळी, पुढे सरका. बायकांना सावलीत जागा द्या. गजाभाऊ, पेटीचा सूर धरा, पण हळू धरा. कारण आज मी गाणार कमी आणि भांडणार जास्त! ज्या देवाने बघायला डोळे दिले आणि वर शंका घ्यायला बुद्धी दिली, त्याला एकदा मनापासून हात जोडा. जोडले? आता सोडा. आज त्या हातांबद्दलच बोलायचं आहे.

प्रश्न ऐका. शंभर शास्त्रज्ञ एक गोष्ट सांगतात. पृथ्वी तापते आहे, बर्फ वितळतो आहे, समुद्र चढतो आहे. आणि एकशे एकावा उठतो, छाती काढतो आणि म्हणतो — साफ खोटं! आता सांगा, खरा कोण?

काय म्हणालात, पाटील? शंभर? का हो? घोळका मोठा दिसला म्हणून? घोळका नेहमी खरा असता तर मागच्या निवडणुकीत... जाऊ द्या, सरपंच समोर बसलेत! आणि तिकडे खांबापाशी कोण बोललं? एकटा खरा? का रे बाबा? सिनेमात शेवटी एकटाच जिंकतो म्हणून? अहो, एकटा होता आणि खरा ठरला, त्याची गोष्ट आपण पोराबाळांना सांगतो. एकटा होता आणि खोटा ठरला, असे किती झाले! त्यांची गोष्ट कोण सांगणार? मी सांगणार! आजच सांगणार!

पण आधी एक कानाला खडा लावा. शंका घेणाऱ्याला वेडा म्हणायचं नाही. शंका हे पाप नाही. मात्र शंका दोन प्रकारच्या असतात. एक लघु... हसताय काय? जिच्यासाठी माणूस भर कीर्तनातून उठून जातो ती! जा बाबा, तुला कोण अडवतो! दुसरी मोठी शंका. तिच्यासाठी उठायचं नसतं, बसायचं असतं. उत्तर मिळेपर्यंत मांडी मोडायची नसते. आणि हल्ली घोटाळा काय झालाय माहीत आहे? मोठी शंका घेणारेसुद्धा लघुशंकेसारखं करतात! विचारलं, मोकळे झाले, पळाले! मागे कोण निस्तरणार? आपण!

तर ऐका.

आपल्या याच खाडीवर, खाली मुखाकडे, धामणखार नावाचं गाव. तुम्हाला खाडीकाठच्या लोकांना काठा म्हणजे काय ते सांगायला नको. पण सप्ताहाला मुंबईचे पाहुणे आलेत, पंख्याखाली बसलेत, त्यांच्यासाठी सांगतो. भरती आली की खाडीचं पाणी आमच्या भातशेतीपेक्षा वर असतं. वर! आणि मध्ये असतो एक मातीचा बांध. तो काठा. भिंत नाही, धरण नाही, चिखलाचे गोळे एकावर एक थापून केलेला काठा. तो आहे तोवर शेत आहे, गोड्या पाण्याचं तळं आहे, चूल आहे. काठा फुटला, आमच्या भाषेत खांड गेली, की खारं पाणी शेतात. मग भात विसरा. तळ्याचं पाणी गुरांच्याही तोंडाला लागत नाही.

म्हणून जुन्या माणसांनी काय केलं? घरटी एक माणूस काठ्यावर. कुणी सुटायचा नाही. याला म्हणायचे जोळ. आणि चैत्री पुनवेला, मोठ्या भरतीच्या वेळी, काठ्यावर जत्रा! काठोबाची!

काठोबा म्हणजे काय, तर एक उभा दगड. काठ्याला लागून खाली कातळ आहे, त्या कातळात रोवलेला. आधी देवाच्या कपाळाला शेंदूर लावायचा. मग गावाने मान दिलेला माणूस काठ्यावर पालथा झोपायचा. खाडीच्या बाजूला हात सोडायचा खाली. सरळ! मागे एकाने पाय धरायचे, नाहीतर मानाचा माणूस जायचा खाडीत! बोटांची टोकं पाण्याला टेकली, म्हणजे पाणी काठ्याच्या तोंडापासून बरोबर हातभर खाली, तर तो ओरडायचा — "हात राखला!" म्हणजे समुद्राने आपल्यापासून एक हात अंतर राखलं. सगळं गाव ओरडायचं, "हात राखला!" ढोल, नारळ, गूळ-खोबरं!

आणि हात आत बुडाला तर? मनगट भिजलं, कोपर भिजलं तर? तर ढोल बंद. दुसऱ्या दिवसापासून जोळ. पावसाळ्याच्या आत काठा एवढा वाढवायचा, की पुढच्या चैत्राला पुन्हा हात राखला पाहिजे!

ही गोष्ट लक्षात ठेवा. गाठ मारून ठेवा. कारण आमचा आख्याननायक इथेच ठेच खाऊन पडला!

त्याचं नाव डॉक्टर हिरामण थळे. सुया टोचणारा डॉक्टर नव्हे, खडकांचा डॉक्टर. भूगर्भशास्त्राचा. काठ्यावर चिखल थापणाऱ्या आंबाजी थळ्याचा मुलगा. बापाने जोळ केली, थोरल्या बहिणीने, चांगुणाने, शाळा सोडून डोक्यावर चिखल वाहिला, आणि हा शिकला. पुण्यात मोठा प्राध्यापक झाला. गावाला केवढा अभिमान! का नसावा? आपल्यातला पोरगा गेला, मोठ्यांच्या पंगतीत बसला.

एकदा मोठी परिषद भरली. शास्त्रज्ञच शास्त्रज्ञ. एकेक जण पडद्यावर आलेख दाखवतोय, समुद्र किती चढला. कुणी बंदरातल्या यंत्राचे आकडे आणलेत, कुणी उपग्रहाचे. हिरामणची पाळी आली. तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या गावात तीन पिढ्या समुद्र मोजतात. आजोबाच्या वेळी तो काठ्याच्या हातभर खाली होता. बापाच्या वेळी हातभर खाली. आजही हातभरच खाली आहे. चढला कुठे?"

आणि मंडळी, सभागृहात लोक हसले!

हसले! "हात? कुणाचा हात? उजवा की डावा?" कुणीतरी मागून ओरडलं. टाय लावलेल्या विद्वानांनी एका शिकलेल्या माणसाची टिंगल केली, त्याच्या बापाच्या हाताची टिंगल केली! अरे, लाज वाटायला पाहिजे होती! हसण्यापेक्षा एक प्रश्न विचारला असता — बाबा रे, हा हात तुम्ही मोजता कुठून? त्या काठ्याचं तोंड आहे तिथेच आहे का? एवढं विचारलं असतं तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. हिरामण हुशार होता, रात्रभर तळमळला असता आणि सकाळी स्वतःच उत्तर घेऊन आला असता. पण नाही! शहाण्यांना हसायची घाई! त्यांचा आलेख बरोबर होता, मान्य. पण बरोबर असलेला माणूस माजला की चुकलेल्या माणसाला घर सापडत नाही. तो जाऊन भलत्याच दारात उभा राहतो.

हिरामण तसाच उभा राहिला. आणि ते दार उघडलं! आत टाळ्या! कसल्या टाळ्या! चॅनलवाले आले. "डॉक्टर, तुम्ही निर्भय आहात." मोठमोठ्या सभांची आमंत्रणं आली. कुणाचे कारखाने, कुणाच्या चिमण्या, कुणाला धूर सोडायचाय, ते सगळे म्हणाले, वा! शास्त्रज्ञ असावा तर असा! परिषदेत ज्या हाताला हसले होते, त्याच हाताला इथे हार! सांगा, माणूस कुठे जाईल? तुम्ही कुठे गेला असता? मामा, खाली बघू नका, मी तुम्हालाच विचारतोय!

इथवर मी त्याला पापी म्हणत नाही. चुकला होता, पण मनापासून चुकला होता. चुकणं हे शास्त्रज्ञाचं कामच आहे. रोज चुकायचं, रोज दुरुस्त करायचं, त्याचाच तर पगार! पाप पुढे आहे.

गाव मात्र खूश. पोरं कंपनीत लागलेली, सुट्टी मिळत नाही, चिखलात उतरणार कोण? आता निमित्त मिळालं. "आपला डॉक्टर सांगतो, समुद्र चढत नाय. मग काठ्याला माती कशाला?" आधी एका वर्षी जोळ चुकली, मग पुढच्या. आणि जत्रा? ती दरवर्षी मोठी होत गेली! बोटं पेरभर बुडाली तरी 'चालतं' म्हणून ढोल वाजायचे! काम कमी झालं की देवाचा मंडप मोठा होतो, हे मी गावोगाव बघतो. या मंडपाबद्दल बोलत नाही हं, सरपंच!

मग आली ती चैत्री पुनव. गावाने ठरवलं, यंदा मान आपल्या डॉक्टरचा. चॅनलवाले कॅमेरा घेऊन हजर. डॉक्टर आले. पांढरा शुभ्र, लांब बाह्यांचा सदरा. दारात चांगुणाने ओवाळलं. तिचं घर काठ्याच्या सगळ्यात जवळ, शेत त्याला लागून, आणि शेताच्या कडेला गोड्या पाण्याचं तळं. नवरा गेलेला, मुलीचं लग्न दिवाळीनंतर ठरलेलं. तिचं सगळं त्या काठ्याच्या आत होतं. हे ध्यानात ठेवा!

वाजतगाजत सगळे काठ्यावर. आधी शेंदूर. डॉक्टरांनी वाटी घेतली आणि काठोबाच्या पुढे गेले. आणि कपाळाला शेंदूर लावायला त्यांना काय करावं लागलं? गुडघे टेकावे लागले! दगडाचं फक्त डोकं वर होतं. बाकी सगळा देव मातीत.

चांगुणा शेजारी उभी. हसून म्हणाली, "देव बसला रं, हिरू. म्हातारा झाला त्यो पन."

गावात सगळे असंच म्हणायचे. देव बसत चालला. देव जमिनीत चालला. कुणी म्हणे कलियुग आलं, कुणी म्हणे कोप झाला. पण हा कोण? खडकांचा डॉक्टर! याला माहीत होतं, कातळात रोवलेला दगड बसत नसतो! शेंदराचं बोट कपाळावर तसंच राहिलं. आणि त्याला आठवलं, लहानपणी याच देवाला शेंदूर कसा लावला होता. बापाच्या खांद्यावर बसून! खांद्यावर बसूनसुद्धा हात ताणावा लागला होता! मंडळी, पोर मोठं होतं, उंची वाढते, मान्य. पण बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराएवढा उंच मोठेपणी कोण होतो?

देव खाली गेला नव्हता. काठा वर आला होता!

कळलं का तुम्हाला? त्याला कळलं, एका क्षणात कळलं! हात राखला, हात राखला म्हणत होतो, तो हात काठ्याच्या तोंडापासून मोजत होतो. आणि काठ्याचं तोंड दरवर्षी वर सरकत होतं! बापाने सरकवलं, बहिणीने डोक्यावर चिखल वाहून सरकवलं! पाणी चढलं की काठा चढला, पाणी चढलं की काठा चढला. मग हात राखला जाणारच! समुद्र थांबला नव्हता, माणसांनी त्याला थोपवून धरला होता! आणि हा पंडित जगभर सांगत सुटला, की समुद्र काही करतच नाही!

गजाभाऊ, सूर द्या. ही साकी माझीच आहे, तेव्हा चाल सांभाळून घ्या —

हात टेकला पाण्यावरती, म्हणती थांबली भरती ।
कुणी न पाहे खाली, आपण चढलो कितीक वरती ॥

आता कुणी शिकलेला म्हणेल, बुवा, काठा खचतो म्हणूनही माती लावावी लागते, खाडी गाळाने भरते म्हणूनही पाणी वर येतं. बरोबर! अगदी बरोबर! त्यातलं गाळाचं किती, खचण्याचं किती आणि समुद्राचं किती, हे वेगळं करून सांगणं, हेच तर त्याचं काम होतं! त्याच्यासारखा माणूस त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. देवाने कातळात खूण रोवून ठेवली होती, मोजायला आयुष्य दिलं होतं, आणि आज डोळ्यांसमोर धरून दाखवलं होतं.

त्याचा चेहरा उतरला. चांगुणाने विचारलं, "काय झाला रं?"

आता बोल! बोल रे हिरामणा! बहीण विचारते आहे!

तो म्हणाला, "काय नाय, बाय. गुडघा दुखला."

अरेरे! एवढा मोठा डॉक्टर, आणि उत्तर काय, तर गुडघा!

पण देव दयाळू. देवाने आणखी एक संधी दिली. आता हात मोजायचा होता. डॉक्टर काठ्यावर पालथे झोपले. पाय चांगुणाने धरले. कॅमेरा काठ्यावरच बाजूला, रोख फक्त तोंडावर. गाव मागे. हात खाली सोडला. बोटं भिजली. मनगट भिजलं. पुढे गेला, कोपर भिजलं! तीन-चार वर्षं काठ्याला माती नाही, दुसरं काय होणार? कॅमेऱ्याला हात दिसत नव्हता. गावाला दिसत नव्हता. फक्त तोंड दिसत होतं.

आणि त्या तोंडाने काय म्हणावं?

"हात राखला!"

गाव गरजलं, "हात राखला!" ढोल सुरू! नारळ फुटले! आणि माझ्या मायबापांनो, त्या देवाच्या दारात, त्या बापाच्या मातीवर, त्या माणसाने उठता उठता हळूच बाही दुमडून घेतली. ओली बाही! कोपराच्या वर दुमडली, की सुकी दिसावी!

मला संताप येतो! आवाज चढला असेल तर माफ करा, पण येतो! त्याची शंका चुकली म्हणून नाही येत. त्याने बाही दुमडली म्हणून येतो! आपल्या बोलीत "हात राखून" म्हणजे काय? हात राखून वाढलं म्हणजे पोटभर वाढलं नाही. हात राखून बोलला म्हणजे सगळं सांगितलं नाही. त्या दिवशी समुद्राने हात राखला नव्हता. हात राखला होता डॉक्टरने!

दुसऱ्या दिवशी देवळात सभा. बांधबंदिस्तीच्या खात्याच्या वर्तकबाई आल्या होत्या, इंजिनियर. पावसाळ्यापूर्वी काठा उचलायचा का, गाव माणसं देणार का, हे ठरायचं होतं. बाई बोलायला मऊ. त्या हसल्या नाहीत, टिंगल केली नाही. परिषदेत जो प्रश्न कुणी विचारला नाही तो त्यांनी विचारला. "डॉक्टरसाहेब, हात आपण मोजतो कुठून? काठाच वर गेला असेल तर? आपण असं करू, त्या कातळात एक पट्टी ठोकू. तुम्ही मोजा, मी मोजते. तुमचं बरोबर निघालं तर मी इथे येऊन सांगेन."

यापेक्षा सरळ बोलणं असतं का? किती सोपं होतं! "बाई, कालच माझ्या लक्षात आलं" — एवढंच म्हणायचं होतं.

पण समोर गाव बसलेलं. गळ्यात कालचा हार. कोपऱ्यात कॅमेरा. डॉक्टर उठले आणि म्हणाले, "मला गप्प करायचे प्रयत्न पूर्वीपासून चालू आहेत! परिषदेत केले, आता माझ्या गावात येऊन करता? वेगळं बोलणाऱ्याला या देशात जागा नाही का?"

टाळ्या! कडकडून टाळ्या! शिट्ट्या!

अरे, तुला गप्प कोण करतंय? बाई तर म्हणते, बोल! पट्टी ठोक आणि बोल! ज्याला कुणी गप्प केलं नव्हतं तो स्वतःहून गप्प झाला, आणि ओरडून ओरडून गप्प झाला! छळ होणाऱ्याचा अंगरखा घालून मिरवला. आणि गाव? गावाने ऐकायचं ते ऐकलं. ठराव झाला — यंदा काठ्यावर माणूस नको. वर्तकबाई चप्पल घालून निघाल्या. चांगुणा खांबाला टेकून बसली होती. तिने काल पाय धरले होते. तिला काय दिसलं होतं, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

श्रावण आला. नारळी पुनव. पाऊस तीन दिवस लागून राहिलेला, वरून नदीचं पाणी, समोरून उधाणाची भरती आणि मागे वारा. दुपारी, गाव देवाला नारळ द्यायला निघण्याच्या वेळेला, चांगुणाच्या शेताच्या तोंडाशी पाणी काठ्यावरून सांडायला लागलं. आधी वहाणेच्या पट्ट्याएवढी धार. माणसं धावली. पोती टाकली, दारं काढून आणली, मंडपाचे वासे आणले! मोठ्या मंडपाचे मोठे वासे! पण चिखल थापायचा कसा, हे धड कुणाला जमेना. जुने हात गेले होते, नवे हात शिकले नव्हते.

खांड गेली!

काठा मधोमध फुटला आणि खाडी आत आली. पोटरीत आलेलं भात गेलं. तळं गेलं, गोडं पाणी एका घटकेत खारं झालं. चांगुणाच्या घराची मागची भिंत बसली. लग्नासाठी साठवलेलं भात कणगीसकट तरंगत गेलं. माणसं वाचली, कारण दिवस होता. देवाने तेवढा हात दिला.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुण्याहून आले. गुडघाभर पाण्यातून बहिणीच्या घरापाशी गेले. ती जोत्यावर बसली होती, भिजलेली वाकळ पिळत. तिने वर बघितलं. शिवी दिली नाही, रडली नाही. विचारलं, "हिरू, त्या दिशी तुजा गुडघा दुखत नव्हता ना रं?"

डॉक्टर म्हणाला, "नाय, बाय. मना कललं व्हतं."

पुण्यात गेल्यापासून ती बोली त्याच्या तोंडून गेली होती. त्या दिवशी परत आली.

"तुजी बाही ओली व्हती," चांगुणा म्हणाली. "मी पाय धरले व्हते ना. मना दिसली. पन सगला गाव तुजं नाव घेत व्हता. मना बरा वाटला रं. म्हनून मी पन हात राखला."

मंडळी, डॉक्टर पाण्यात खाली बसला. ज्या माणसाला परिषदेतले विद्वान हलवू शकले नाहीत, उपग्रह हलवू शकला नाही, त्याला बहिणीच्या एका वाक्याने खाली बसवलं. "मी पन." आपल्या लबाडीत आपलं माणूस भागीदार झालं, ते आपल्यावरच्या मायेपोटी झालं, यापेक्षा मोठी शिक्षा देवाकडेही नाही.

आणि मग तो उठला. एवढं मात्र मी त्याचं सांगणार, नाहीतर मीही हात राखल्यासारखं होईल. खांडीच्या तोंडाशी उभा राहिला. वर्तकबाईंना बोलावलं, गावाला बोलावलं, त्याच चॅनलवाल्यांना बोलावलं. बाही कोपरापर्यंत भिजवून दाखवली आणि म्हणाला, "चैत्रात पाणी इथवर होतं. मला कळलं होतं. समुद्र चढतो आहे, आणि मी चुकलो. चुकलो ते आधी, आणि लपवलं ते नंतर. दुसरं मोठं आहे." मग उतरला चिखलात. म्हाताऱ्या वयात पहिला गोळा त्याने उचलला. बापासारखा नाही जमला, पण उचलला.

संपलं आख्यान? संपलं असं वाटलं ना? उठायला लागलात? बसा! मोठी शंका आहे ही, मांडी मोडायची नाही!

चॅनलवाल्यांनी ते "चुकलो" दाखवलं का? नाही दाखवलं! म्हणे, त्यात काही मजा नाही. पण तो चैत्रातला व्हिडिओ, काठ्यावर झोपलेला, तोंड हसरं, "हात राखला!", तो अजून फिरतो आहे! खांड जाऊन भात कुजलं, चांगुणाच्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि तो व्हिडिओ फिरतोच आहे! कुठे फिरतो आहे? परगावात? परदेशात?

आज सकाळी तुमच्या या सप्ताहाच्या ग्रुपवर आला! माझ्या फोनवर आला! खाली लिहिलं होतं — "खऱ्या शास्त्रज्ञाचं ऐका, घाबरू नका." आणि त्याच्याखाली हात जोडल्याची चित्रं, अंगठे, फुलं! कुणी पाठवला ते मी सांगत नाही. ज्याने पाठवला त्याला कळलं आहे, तो आत्ता टाळ बघतोय. पण ज्यांनी अंगठे दाखवले त्यांची नावं सांगू का? नको? ठीक आहे.

तर प्रश्नाचं उत्तर. शंभर खरे की एकटा खरा? मंडळी, माणसं मोजून खरं कळत नाही. शंभरांचा आकडा हजार जणांनी हजार ठिकाणी पाण्यात हात घालून तपासला आहे, म्हणून मी शंभरांकडे उभा आहे. एकट्यालाही मी ऐकेन, मान देईन, हसणार नाही. फक्त त्याला एक विचारेन — बाबा, हात कुठून मोजतोस? आणि बाही दाखव! दाखवली तर माझ्या शेजारी बस. दुमडली तर चालता हो!

आणि तुमचं काय? येताना तुमच्या काठ्यावरून आलो मी. तुमच्या गावातही एक दगड आहे कडेला, शेंदूर लावलेला. गुडघ्याएवढा राहिलाय. मी एका म्हाताऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "देव बसला, बुवा." माती शेवटची कधी लावली विचारलं, तर तो हसला आणि म्हणाला, "आता कोन लावतो!" उद्या दुपारी मोठी भरती आहे. मी जातो तिथे. पालथा झोपतो, हात सोडतो. पाय धरायला कोण येतंय ते बघू.

आता शेवट. आज जयजयकार नको, पेटी थांबवा, टाळ खाली ठेवा. देवाचं नाव उद्या काठ्यावर घेऊ. आज एकच शब्द म्हणायचा आहे, सगळ्यांनी, मोठ्याने. त्या डॉक्टरला जो चैत्रात सुचला आणि श्रावणात तोंडातून निघाला, तो. मी हात वर करतो, तुम्ही म्हणा — चुकलो!

हं. म्हणा.

आवाज नाही आला.

पाटील? मामा? पंख्याखालचे पाहुणे?

बघा. एवढासा शब्द. आणि त्याच्यासाठी आपण तासभर एका माणसाला शिव्या दिल्या.